साण्यातला बोळा

बॉयलर पेटवणं कुणालाही जमतं. धूर कुठून बाहेर काढायचा हे ठरवायला अक्कल लागते. माझ्याकडे सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे, काचेत बसवून भिंतीला लावलेलं, आणि बायको म्हणते तसा मला त्याचा थोडा माजही आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही, असंच मी विचारणाऱ्याला सांगतो.

शहाऐंशीच्या हंगामात आमचा सहकारी साखर कारखाना पेटलाच नाही. पावसानं दगा दिला, ऊस जागेवर वाळला, जो उरला तो लोकांनी जनावरांपुढे टाकला. दिंद्रुडच्या अलीकडे आमचं गाव. तिथली ऊसतोडीला जाणारी घरं दसरा झाल्या झाल्या कोल्हापूरकडे निघून गेली. मागे राहिली म्हातारी माणसं, कुत्री आणि माझ्यासारखे थंड बॉयलरच्या सावलीत पत्ते कुटणारे कामगार. पौषातल्या एका सकाळी संचालक सुंदररावांची जीप माझ्या दारात येऊन उभी राहिली.

सुंदरराव म्हणजे गावचे मोठे जमीनदार, कारखान्याच्या संचालक मंडळावर पहिल्यापासून. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सभेत कुणाला बोलू न देणारा हा माणूस जीपमधून उतरला आणि माझ्या ओट्यावर टेकला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. त्यांची एकुलती एक मुलगी सत्यभामा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्याच महिन्यात बीडच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दीड किलोची. वीस दिवसांनी वजन चढायला लागलं म्हणून घरी सोडलं, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की खोली दिवसरात्र ऊबदार पाहिजे आणि धुराचं नावसुद्धा नको. थंडी लागली तर बाळ हाती लागणार नाही. अण्णांनी कारखान्याच्या वर्कशॉपमधून एक छोटा बॉयलर बनवून घेतला होता. सहकाराच्या भंगारातून संचालकाच्या घरचा बंब, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

"कुठं बसवायचा?" मी विचारलं.

"धाब्याच्या खोलीत."

मग ते म्हणाले, "बद्री, त्याच खोलीतून माझी बायको गेली. बहात्तरच्या दुष्काळात. बाळंतीन व्हती. लेकरू बी गेलं. सत्या तवा पाच वर्सांची. आता ती म्हनती, आईच्याच खोलीत राहते. सिमेंटच्या खोल्या तर लई गार."

अण्णांनी दुसरं लग्न केलं नव्हतं. पोरीला त्यांनी स्वतःच वाढवलं होतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर होता.

अण्णांचं घर नवं होतं, स्लॅबचं, मोझॅइक फरशीचं. मागच्या बाजूची एकच जुनी खोली त्यांनी पाडली नव्हती. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांच्यावर दोन हात पांढऱ्या मातीचं धाबं. आत शिरलं की बाहेरची थंडी दारातच राहायची. पश्चिमेला एक खिडकी आणि मोरी. छताच्या मध्यावर साणं होतं, म्हणजे उजेड यायला आणि धूर जायला धाब्यात ठेवलेलं भोक. पण ते वरून शहाबादी फरशी टाकून बंद केलेलं होतं.

बाजेवर सत्यभामा बसली होती, कानाला फडकं बांधून, मांडीवर कापसाचं गाठोडं घेऊन. गाठोड्यात कुठंतरी ते बाळ होतं. मला दिसली ती फक्त एक मूठ, चिंचोक्याएवढी. बाजेच्या कडेला छबुबाई होती, गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालणारी. माझ्या बायकोची तिन्ही बाळंतपणं तिनेच निभावली होती. साठी उलटलेली, डावा पाय ओढत चालणारी, जीभ मात्र तरणीताठी. त्या दिवशी ती सारखी वर साण्याकडे बघत होती.

मोरीच्या कोपऱ्यात बॉयलर बसवायचा हे सरळ होतं. प्रश्न पाइपाचा होता. एक तर पश्चिमेची भिंत फोडून तो आडवा बाहेर काढायचा. काम सोपं, हिवाळ्यातलं वारं उगवतीकडून म्हणजे उलट तोंडात शिरायची भीती नाही. पण आडव्या पाइपाला ओढ कमी, त्यात दोन वाकणं. नाहीतर साण्यातून सरळ वर. उभा पाइप, धाब्याच्या वर चार फूट, वर टोपी. ओढ अशी की कागद धरला तर खेचून नेईल. कुठल्याही शहाण्या माणसानं साणंच निवडलं असतं, आणि मी तर सर्टिफिकेटवाला.

"मिस्त्री, भिंतीतून काढा," छबुबाई म्हणाली. "साण्याला हात लावू नका."

"कावून?"

ती बाळाच्या टाळूवर तेल थापत राहिली. मला राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घातली म्हणून धुराचंही कळतं की काय, असं काहीतरी मी पुटपुटलो असेन.

सत्यभामेला तासभर ओसरीत बसवलं आणि मी धाब्यावर चढून फरशी उचकटली. भोकात कापडाचा बोळा ठासून बसवला होता. खालून ओढला तेव्हा तो लांबच लांब निघत राहिला. हिरवं लुगडं होतं, तांबड्या काठाचं. मातीत चौदा वर्षं राहिलेल्या कापडाचा भुगा व्हायला हवा. उंदरानं कुरतडायला हवं. हे दांडीवरून आत्ता काढल्यासारखं होतं, आणि त्याला डिंकाच्या लाडवांचा वास येत होता. मी ते बॉयलरमध्ये कोंबलं आणि पहिला जाळ त्याचाच केला. छबुबाई दारातून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

पाइप बसवला, सांध्यांना स्क्रू मारले, स्क्रूंवर लाल रंग दिला. बॉयलरच्या तोंडाशी उदबत्ती धरली तर तिचा धूर रेघ ओढल्यासारखा आत गेला. संध्याकाळपर्यंत खोली अशी ऊबदार झाली की अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सर्टिफिकेटाहून मोठा वाटला, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप परत आली. सत्यभामेचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली होती, आणि बाळ दूध ओढत नव्हतं.

मी आधी जाळ ओढून अंगणात टाकला आणि खिडकी उघडली. मग चार काटक्या पेटवून उदबत्ती धरली. धूर आत गेला नाही. थोडा वेळ जागेवरच घोटाळला आणि माझ्या तोंडावर आला. धाब्यावर जाऊन टोपी काढली आणि पाइपात ओळंबा सोडला. चार फुटांवर तो मऊ कशाला तरी लागून थांबला. खाली येऊन मी सांध्याचे स्क्रू बघितले. लाल रंगाला तडा नव्हता. स्क्रू काढले, सांधा सोडवला, आत हात घातला.

हिरवं कापड. तांबडा काठ. घट्ट, नीट, खालून वर ठासलेलं. दोन दिवस त्या पाइपातून निखाऱ्यांची धग गेली होती आणि कापडाला डागसुद्धा नव्हता.

माणूस अशा वेळी आधी माणसावरच संशय घेतो. मी छबुबाईला परसात गाठलं आणि चार शब्द सुनावले. त्या लुगड्याचा अर्धा तुकडा तू लपवून ठेवला असशील, असं तोंडावर म्हणालो. तिनं ऐकून घेतलं, डाव्या पायाकडे बोट केलं आणि शिडीकडे बघितलं. तेवढ्यानं माझी तोफ थंड पडली. ती शिडी चढूच शकत नव्हती. आणि बोळा तर खालून गेला होता, रंगवलेल्या स्क्रूंच्या आतून.

मग ती धुण्याच्या दगडावर बसली आणि मी न विचारता सांगू लागली. बहात्तरला रुक्मिणीबाई, सत्यभामेची आई, त्या खोलीत बाळंतीण झाली. असाच पौष. बाजेखाली शेगडी, दार बंद, खिडकीला पोतं. तरी साण्यातून वारं यायचं. बाळंतिणीला वारं लागलं की ती हातची जाते, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. रुक्मिणीबाई सारखी म्हणायची, माझ्या लेकराला वारं लागतंय, ते भोक बुजवा. शेवटी तिनं अंगावरचं लुगडं सोडून दिलं. छबुबाईचे पाय तेव्हा धड होते. शिडीवर चढून तिनं ते साण्यात ठासलं.

"सकाळी दार उगडलं," ती म्हणाली, "तर दोगं बी झोपल्यावानी. गाल लाल. मला वाटलं, चला, आज ऊब लागली."

गावानं बाळंतरोग म्हटलं. अण्णांनी वरून फरशी टाकली. मला मात्र ते गाल पुरेसे होते. निखाऱ्याच्या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि तो ज्याला नेतो त्याचे गाल असेच लाल ठेवतो. मी तिला ते सांगितलं. चौदा वर्षांनी असं कुणाला सांगू नये, हे मला बोलून झाल्यावर कळलं. ती दगडावर बोट फिरवत राहिली.

"मला आज कळलं," ती म्हणाली. "रुक्मिनीबाईला कुनी सांगितलं असंल?"

हा दुसरा बोळाही मी अंगणात जाळला आणि राख होईपर्यंत तिथून हललो नाही. अण्णांना एवढंच सांगितलं की साण्याचा पाइप चोंदतोय, आता भिंतीतून काढतो. पोरीला दुसऱ्या खोलीत हलवा असंही म्हणालो. एक रात्र तसं करून बघितलं. पहाटे बाळाचे ओठ निळे पडले. दुसऱ्या दिवशी ती दोघं परत धाब्याच्या खोलीत आली.

या वेळी मी कसर ठेवली नाही. पश्चिमेची भिंत फोडून पाइप आडवा काढला आणि त्याच्या दोन्ही तोंडांना लोखंडी जाळी रिबिट मारून बसवली. बोटसुद्धा जाणार नाही अशी. साणं उघडंच ठेवलं, कोंदट हवा जायला. दाराची आतली कडी काढून टाकली. आणि छबुबाईला सांगितलं की बाभळीचा जाळ बाहेर अंगणात करायचा आणि फक्त निखारे आत बॉयलरमध्ये घालायचे, म्हणजे धुराची कटकट नको; वायू जायला पाइप आणि साणं, दोन वाटा होत्या. एवढं करून मी परसातल्या निंबाखाली खाट टाकली आणि पाइपाच्या तोंडाकडे बघत बसलो.

दोन दिवस काही झालं नाही. बाळ दूध प्यायला लागलं. अण्णा एकदा हसलेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास छबुबाईनं दोघांना न्हाऊ घातलं, शेक दिला, झोपवलं आणि दार ओढून घेऊन ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. स्वच्छ ऊन होतं. निंबाचं पान हलत नव्हतं. टँकरवर भांडी आदळल्याचा आवाज गावातून येत होता. निखाऱ्यांचा धूर दिसत नसतो, पण पाइपाच्या तोंडाशी हवा थरथरते, तिच्यातून पलीकडची भिंत हलताना दिसते. मी चहा पीत त्या थरथरीकडे बघत होतो.

ती थांबली.

मला आधी वाटलं निखारे विझले. उठून जाळीपाशी हात धरला. गार. जाळी स्वच्छ होती, आत काही दिसत नव्हतं.

"निखारे कवा घातले?" मी विचारलं.

"आत्ताच. घमेलंभर."

धग भिंतीतून येत नसेल तर साण्यातून यायला हवी. मी मागे सरून धाब्याकडे बघितलं. साण्यावरची हवा काचेसारखी स्थिर होती.

मी धावलो.

दार ढकललं. ते हललं नाही. कडी तर मीच काढली होती. खांदा लावला तेव्हा ते थोडं दबलं आणि परत आलं, मागे काहीतरी मऊ असल्यासारखं. अण्णा ओसरीतून पळत आले. दोघांनी मिळून तिसऱ्यांदा धडक दिली आणि दार उघडलं.

आत धूर नव्हता. खोली निवांत होती, ऊबदार, बोलावल्यासारखी ऊबदार. डिंकाच्या लाडवांचा वास होता.

दाराच्या फटीत हिरव्या चिंध्या होत्या. खिडकीच्या चारही कडांना होत्या. साण्यात बोळा होता. पाइपाच्या आतल्या तोंडाला, जाळीच्या प्रत्येक डोळ्यात, एक एक हिरवी चिंधी पिळून बसवली होती. कुठं घाई नव्हती. लेकराला पांघरूण खोचावं तसं सगळं खोचलेलं होतं.

सत्यभामेचे गाल लाल होते.

बाळाच्या डोक्याला आणि कानांना हिरवी पट्टी बांधली होती, हनुवटीखाली बारीक गाठ मारून.

मी बाळ उचललं, अण्णांनी मुलीला. उन्हात आणून ठेवलं. बाळ ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. छबुबाईनं ती पट्टी उपसून फेकली, त्याच्या तळपायांना टिचक्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकलं, परत फुंकलं. अण्णा जमिनीवर बसले होते आणि दोन्ही हातांनी माती धरून होते. मी आयुष्यात पहिल्यांदा कपिलधारच्या देवाला नारळ बोललो.

बाळ शिंकलं. मग रडलं, मांजराच्या पिलासारखं.

सत्यभामा थोड्या वेळानं ओकली आणि डोळे उघडून आमच्याकडे रागानं बघू लागली. "कावून उठवलं?" ती म्हणाली. "आत्ताशी कुठं वारं थांबलं व्हतं. छबुमावशी किती येळची खोचत बसली व्हती."

छबुबाई माझ्याशेजारी निंबाखाली होती. आम्ही दोघांनीही सत्यभामेला ते सांगितलं नाही.

त्या दिवसापासून बाळ सिमेंटच्या खोलीतच राहिलं. मोकळ्या अंगणात चुलीवर पाणी तापवायचं, धुराला सगळं आभाळ मोकळं. दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाइनच्या काचेच्या बाटल्या त्या पाण्यानं भरायच्या, कापडात गुंडाळून बाळाच्या दोन्ही अंगांना ठेवायच्या, आणि तासाला बदलायच्या. ही साधी युक्ती मला आधी सुचली नाही, कारण माझ्या डोक्यात चिमणी होती. महिनाभर अण्णा स्वतः बाटल्या बदलत होते.

पण त्या दुपारची एक गोष्ट राहिली. निखारे काढायला मी एकटाच परत खोलीत गेलो होतो. निखारे काढले. चिंध्यांना हात लावायची छाती झाली नाही. आणि मग मी, सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट बद्रीनाथ, रिकाम्या बाजेसमोर उभा राहून बोललो. लाज वाटत होती, तरी बोललो.

"बाई, लेकराला ऊब पायजे, खरं हाय. पर हवा बी पायजे. समदं बुजवू नका. एक भोक सोडा. एवढं." आणि हातांनी पाइपाचा घेर करून दाखवला.

मी बाहेर आलो, कुलूप लावलं. अण्णांनी किल्ली माझ्याकडेच ठेवायला सांगितली. सवडीनं बॉयलर काढून ने म्हणाले, मला त्या खोलीकडं बघवत नाही.

सवड चैत्रात मिळाली. बाळ तोवर तीन किलोचं झालं होतं, बारसं थाटात झालं होतं. अडीच महिने किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला होती. पान्हे घेऊन मी कुलूप उघडलं. जमिनीवर धाब्यातून झरलेल्या मातीचा सारखा थर होता, त्यावर मुंगीच्या पावलाचीही खूण नव्हती. साणं उघडं होतं आणि उन्हाचा गोल बरोबर बाजेवर पडला होता. दाराच्या, खिडकीच्या, जाळीच्या चिंध्या कुठंच नव्हत्या.

त्या बाजेवर होत्या. एकाला एक जोडून त्यांचं बाळाचं दुपटं शिवलेलं होतं, तांबडा काठ चारही बाजूंनी फिरवून, टाके तांदळाच्या कणीएवढे. जिथं बाळाचं तोंड येतं तिथं एक गोल भोक ठेवलं होतं आणि त्याच्या कडा आत दुमडून शिवल्या होत्या. मी खिशातला टेप काढून मापलं. सहा इंच. माझ्या पाइपाएवढंच.

कडेचे शेवटचे चार टाके राहिले होते. सुई दोऱ्यासकट तिथंच खोचून ठेवली होती, हातातलं काम टाकून कुणीतरी दार वाजलं म्हणून उठावं तशी.